काळा रंग म्हणजे कडकनाथ नव्हे

कडकनाथ ही आपल्या मध्य प्रदेशाची कोंबडी. झाबुआ-अलीराजपूरकडचे भिल्ल आणि भिलाला ती पिढ्यान्‌पिढ्या पाळत आले. तिकडे तिला ‘कालामासी’ म्हणतात. 2018 मध्ये झाबुआच्या कडकनाथाच्या मांसाला भौगोलिक मानांकन मिळालं. झाबुआचं कृषी विज्ञान केंद्र आपल्या ग्वाल्हेरच्या कृषी विद्यापीठाचंच आहे, हे मात्र इथल्या फार लोकांना ठाऊक नसतं.

शहराबाहेरच्या आमच्या छोट्या शेतावर मी कडकनाथ, असील आणि वनराजा पाळतो. ‘बीई करून कोंबड्या?’ असं काका अजून विचारतात. पण पैदास हे डोक्याचं काम आहे, आणि नोंदवही नसेल तर तीन जातींची एक खिचडी व्हायला वर्ष पुरतं.

मेख अशी की कडकनाथाचं काळेपण प्रबळ जनुकामुळे येतं. गावठी कोंबडीशी संकर झाला तरी पिल्लं बऱ्याचदा काळपटच निघतात. मी एकाकडून ‘अस्सल’ म्हणून आणलेल्या पिल्लांपैकी काहींचे तुरे वाढता वाढता लालभडक झाले! म्हणून आता प्रत्येक जातीचं खुराडं वेगळं, आणि आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा. कोंबडा बदलला तरी आधीच्याचं बीज कोंबडीच्या पोटात दोन-तीन आठवडे टिकतं, त्यामुळे महिनाभराची अंडी उबवायची नाहीत. तेवढे दिवस घरात ऑम्लेट.

वनराजा मुळात संकरित. तिची पिल्लं घरी काढली तर आईबापाचे गुण तसेच उतरत नाहीत, म्हणून ती फक्त वाढवायची. कडकनाथ सहसा खुडूक बसत नाही, तिची अंडी मी असीलखाली ठेवतो. यंत्रात 21 दिवस साडेसदतीस अंशांच्या आसपास तापमान राखावं लागतं, आणि मध्येच वीज गेली की जीव टांगणीला. असील मारकुटी म्हणून बदनाम, पण आई म्हणून फार चांगली.

हे सगळं सांगायचं कारण पैसा. 2019 मध्ये सांगली जिल्ह्यात कडकनाथाच्या योजनेत हजारो शेतकऱ्यांचे पैसे अडकले. पिल्लं आम्ही देतो, अंडी-पक्षी आम्हीच चढ्या भावाने परत घेतो, असं त्यांना सांगितलं होतं. माझ्या मते खात्रीने परत घेण्याचं आमिष दिसलं की तिथूनच मागे फिरावं.

पिल्लं घ्यायचीच असतील तर आधी आईबाप पाहायला मागा. त्यांचा तुरा, जीभ, पायाचे तळवे बघा. रानीखेतची लस दिली का, तेही विचारा. आणि मे महिन्यात आणू नका, ग्वाल्हेरचं ऊन त्यांना झेपत नाही.