रिलीव्हर आला का?

21 सप्टेंबर 2020 च्या पहाटे भिवंडीच्या पटेल कंपाउंडमधली जिलानी इमारत माणसं झोपेत असताना कोसळली. सुमारे 40 जण गेले, त्यांत लहान मुलं बरीच. मदतीला आलेल्या एनडीआरएफच्या एका पथकात साधारण 45 माणसं असतात आणि वैद्यकीय कर्मचारीही त्यांतच मोडतात. ढिगाऱ्यावर मध्येच सगळी यंत्रं बंद होतात, एक जण फटीशी तोंड नेऊन हाक मारतो, बाकीचे कान देतात. ओ आली तरी घाई चालत नाही. तासन्‌तास स्लॅबखाली चेंगरलेल्या पायावरचा भार एकदम काढला, तर साचलेली विषारी द्रव्यं रक्तात उतरून हृदय थांबू शकतं, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. म्हणून शक्य तिथे आधी सलाइन, मग सुटका. असं काम माणसाला आतून पोखरतं. पण लष्करी शिस्तीच्या दलात पाळी संपली की दुसरे पुढे येतात आणि मोहीम संपली की पथक एकत्र परततं. भिवंडी-ठाण्याच्या ज्या रुग्णालयांत जखमी पोचले, तिथे मात्र कोविडचे वॉर्ड भरलेलेच होते आणि मोहीम संपल्याचा दिवस कुणाच्या दृष्टिपथात नव्हता.

ताण सोसण्याची ताकद ज्याच्या-त्याच्या स्वभावात असते, हा समज म्हणूनच मला अपुरा वाटतो. ती बरीचशी ड्युटी-चार्टात असते. सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांनी चीनच्या युद्धभूमीवर सलग 72 तास शस्त्रक्रिया केल्या, हे आपण अभिमानानं सांगतो. ते 1942 मध्ये बत्तिसाव्या वर्षी अपस्मारानं गेले, हे त्याच दमात सांगत नाही. दोन्हींची सांगड घालायची गरज नाही, पण न झोपणं हाच सेवेचा मापदंड ठरला की झोप मागणारी नर्स कामचुकार ठरते. लष्करी वैद्यकाचा धडा वेगळा आहे. 1917 मध्ये अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ थॉमस सॅमन यांनी सुचवलं, की खचलेल्या सैनिकाला आघाडीजवळच, लगेच आणि तो बरा होणार हे धरून उपचार द्यावेत. यावर आक्षेप रास्त आहे: माणूस पुन्हा लढाईला जुंपण्यासाठीच हा खटाटोप होता. होताच. पण थकवा म्हणजे मनुष्यबळाचं नुकसान, हा रोकडा हिशेब दयेपेक्षा भरवशाचा असतो. वर्दीतला माणूसही ‘कमजोर’ म्हणवून घ्यायच्या भीतीनं गप्प राहतो, हेही खरंच; म्हणून तर त्यानं मागण्याआधीच विश्रांती ठरलेली हवी.

दुसरा आक्षेप जास्त अवघड: पालिकेच्या दवाखान्यात जादा माणसं आणायची कुठून? 2022 च्या गोवरसाथीत भिवंडीत घरोघर सर्वेक्षण झालं. अशा वेळी आशाताईंना पुरळ आलेली मुलं शोधायची, लस नको म्हणणाऱ्या आईची समजूत काढायची आणि रजिस्टरही भरायचं असतं. संपानंतर 2024 मध्ये त्यांच्या मानधनात 5000 रुपयांची वाढ झाली; मानधन वाढलं तरी गल्ल्या कमी होत नाहीत. श्वसनाचे व्यायाम आणि ध्यानाची शिबिरं मी मोडीत काढत नाही, पण शिबिरही रविवारी ठेवलं तर तो आणखी एक कामाचा दिवस. या गावात यंत्रमागालाही रात्रपाळीचा माणूस आल्याशिवाय दिवसपाळीवाला सोडत नाही, कारण माग थांबला की मालकाला तोटा त्याच दिवशी दिसतो. थकलेल्या परिचारिकेच्या हातून चुकलेला डोस मात्र कोणाच्याच वहीत त्या दिवशी चढत नाही. मंजूर पदं किती आणि भरलेली किती, हा आकडा म्हणूनच मानसिक आरोग्याचा आकडा म्हणूनही वाचला पाहिजे.