१ लिटर पर्क, ३२ कोटी लिटर पाणी

कपडे ड्रायक्लीन करण्यासाठी वापरलं जाणारं टेट्राक्लोरोइथिलीन, म्हणजेच ‘पर्क’, पाण्यापेक्षा जड असतं. जमिनीत मुरलं की ते भूजलाच्या तळाशी जाऊन बसतं आणि वर्षानुवर्षं थोडंथोडं विरघळत राहतं. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे ५ मायक्रोग्रॅमपर्यंतच चालतं. या हिशेबाने १ लिटर पर्क, वजन १.६२ किलो, ३२ कोटी लिटर पाणी त्या मर्यादेला नेऊन ठेवतं. माणशी रोज १३५ लिटर हा आपला शहरी निकष धरला, तर हे २४ लाख लोकांचं एका दिवसाचं पाणी झालं! आणि मर्यादेतल्या या पाण्याच्या एकेका थेंबातही पर्कचे सुमारे ९० हजार कोटी रेणू असतात.

नॉर्थ कॅरोलिनातल्या कँप लेज्यून या लष्करी तळावर १९८५ मध्ये नळाच्या पाण्यात २१५ मायक्रोग्रॅम पर्क सापडलं, म्हणजे मर्यादेच्या ४३ पट. मूळ होतं तळाबाहेरच्या ड्रायक्लीनिंगच्या दुकानात. तिथल्या इतर विहिरींतही क्लोरीनयुक्त द्रावकं उतरली होती. १९५३ ते १९८७ या काळात सैनिक, त्यांच्या बायका, मुलं मिळून १० लाखांपर्यंत माणसं या पाण्याच्या संपर्कात आली असावीत.

पर्कचा रेणू मोडायला कामी येतं बी-१२, आपल्याकडच्या शाकाहारी घरांत गोळ्यांच्या रूपात येणारं जीवनसत्त्व. त्याच्या रेणूत १८१ अणू, त्यात कोबाल्टचा एकच. इलेक्ट्रॉन मिळाले की हा कोबाल्ट पर्कच्या रेणूवर तुटून पडतो आणि क्लोरीन सुटतो. पुन्हा इलेक्ट्रॉन मिळाले की तोच रेणू पुढच्या क्लोरीनला भिडतो.

या ‘पुन्हा’ची किंमत मोजून पाहावी. प्रत्येक रेणू एकदाच वापरता आला असता, तर १ लिटर पर्कमधला सगळा क्लोरीन काढायला ५३ किलो बी-१२ लागलं असतं: ६ कोटी माणसांची वर्षभराची गरज! एकेका रेणूने दहा हजार वेळा काम केलं, तर ५.३ ग्रॅम पुरतं.

अर्धवट थांबलं मात्र घात होतो. चारपैकी तीन क्लोरीन निघाले की उरतं व्हिनाइल क्लोराइड, कर्करोगकारक, मर्यादा अवघी २ मायक्रोग्रॅम. चौथाही निघाला तरच इथिलीन मिळतं, आंबे पिकवणारा वायू. ते शेवटपर्यंत नेणारा ‘डिहॅलोकोकॉइडिस’ हा जिवाणू १९९७ मध्ये कॉर्नेलच्या संशोधकांनी जगापुढे आणला. आकार एका मायक्रॉनहून कमी. बी-१२ शिवाय त्याचं चालत नाही आणि स्वतःला ते बनवता येत नाही, शेजारच्या जिवाणूंकडून घ्यावं लागतं. इलेक्ट्रॉनही लागतातच, म्हणून दूषित जागी जमिनीखाली लॅक्टेट किंवा वनस्पती तेल सोडतात, त्यातून शेवटी इलेक्ट्रॉन मिळतात. काही ठिकाणी सोबत बी-१२ही सोडतात.