माल कुठं अडकला? सुरू न होणारा कॉम्प्युटर आणि हार्ड डिस्क

कुर्डुवाडीत बोलायला उभं राहायचं आणि रेल्वेचं नाव काढायचं नाही, हे काही जमत नाही. तेव्हा सुरुवात तिथूनच करतो.

१८९७ साली बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली. तेव्हा आपलं स्टेशन बार्शी रोड म्हणून ओळखलं जायचं. मुंबईकडून येणाऱ्या मोठ्या गाडीचे रूळ १६७६ मिलिमीटर रुंद, आणि बार्शीला जाणाऱ्या छोट्या गाडीचे ७६२. मोठा डबा छोट्या रुळांवर जाणार कसा? म्हणून माल इथं उतरवायचा, दुसऱ्या डब्यात भरायचा, मग पुढं. आता समजा, बार्शीच्या व्यापाऱ्याला माल मिळाला नाही. तर तो आधी काय विचारेल? माल कुर्डुवाडीपर्यंत आला का? आला असेल तर छोट्या गाडीत चढला का? चढला असेल तर वाटेत कुठं थांबला?

कॉम्प्युटरचं बटण दाबल्यावर अशीच हातबदली चालते. वीज मदरबोर्डला मिळते. मदरबोर्डवरचा बायोस, नव्या मशीनमध्ये यूईएफआय, जागा होतो. तो डिस्क शोधतो. जुन्या पद्धतीत डिस्कवरचा अगदी पहिला सेक्टर वाचतो, फक्त ५१२ बाइट. नव्या पद्धतीत त्यासाठी एक छोटं वेगळं पार्टिशन असतं. तिथला प्रोग्रॅम विंडोजला उठवतो, आणि मग तुमचा डेस्कटॉप दिसतो. लोक फोन करून सांगतात, "सर, कॉम्प्युटर चालू होत नाही." अहो, पण माल कुठं अडकलाय?

बायोसमध्ये जाऊन बघा, डिस्कचं नाव दिसतं का. बहुतेक मशीनवर सुरुवातीलाच डिलीट किंवा एफ-टू दाबत राहिलं की ते पान उघडतं. नाव दिसतच नसेल, तर विंडोजला दोष देऊन उपयोग नाही. मशीन बंद करा, वायर काढा, साटा केबल काढून परत घट्ट बसवा, शक्य असेल तर दुसरी केबल लावा.

नाव दिसतंय, पण काळ्या पडद्यावर 'नो बूटेबल डिव्हाइस' येतंय? आधी पेनड्राइव्ह काढा. हसू नका, काही मशीन आधी पेनड्राइव्हकडेच बघतात, आणि त्यात काही सापडलं नाही की तिथंच बसतात. मग तारीख बघा. ती काही वर्षं मागं गेली असेल, तर मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल संपलाय. त्याच्याबरोबर बायोसच्या सेटिंगही मूळपदावर जातात, आणि चांगली डिस्क असूनही विंडोज उठत नाही. सेल बदला, सेटिंग परत लावा.

तिसरा प्रकार अवघड. विंडोजचं चिन्ह येतं, गोल फिरत राहतं, अर्धा तास गेला तरी फिरतंय. किंवा निळा पडदा येतो, मशीन परत सुरू होतं, परत निळा पडदा. इथं डिस्क वाचली जातेय, पण अडखळत. आणि इथंच आपण घाई करतो.

मी केलेली चूक सांगतो. एका फोटो स्टुडिओची डिस्क आली. पंधरा दिवसांपासून मशीन सुरू व्हायला वीस मिनिटं लागत होती, आता सुरूच होत नव्हतं. आत तीन लग्नांचे फोटो, अल्बम व्हायचे होते. मी काय केलं? चेकडिस्क लावलं, तेही खराब सेक्टर दुरुस्त करायच्या पर्यायासकट, आणि घरी जाऊन झोपलो. सकाळी आलो तर डिस्कमधून टक-टक आवाज. संपलं. स्टुडिओवाले दादा मला एक शब्द बोलले नाहीत. पण नवरदेवाच्या वडिलांना काय सांगायचं, हे त्यांनी माझ्याकडं बघून विचारलं, ते अजून विसरलो नाही.

चूक कुठं झाली ते नीट समजून घ्या. डिस्कच्या आत तबकडी मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेते, आणि वाचणारं हेड तिच्यापासून काही नॅनोमीटरवर तरंगतं. केसाची जाडी त्याच्या हजारो पट असते. पृष्ठभाग किंवा हेड बिघडायला लागलं, की प्रत्येक वाचन उरलेल्या आयुष्यातून वजा होतं. मी लावलेलं चेकडिस्क सगळी डिस्क वाचतं, अडेल तिथं पुन्हापुन्हा प्रयत्न करतं, आणि वर त्याच आजारी डिस्कवर लिहितंसुद्धा. विंडोज दुरुस्त करायच्या नादात मी फोटो घालवले. विंडोज पुन्हा टाकता येतं. लग्न पुन्हा लावता येत नाही.

म्हणून आता मी डिस्क काढतो, दुसऱ्या मशीनला जोडतो आणि लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून ते मशीन सुरू करतो. डिस्क स्वतःची नोंद ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात. त्यात ५ आणि १९७ क्रमांकाच्या ओळींमध्ये शून्याऐवजी वाढते आकडे असतील, तर सेक्टर जायला लागलेत. फक्त १९९ वाढत असेल, तर संशय केबलवर घ्या, डिस्क बिचारी निर्दोष असू शकते.

सेक्टर जात असतील, तर आधी पूर्ण डिस्कची नक्कल, दुसऱ्या, तेवढ्याच किंवा मोठ्या चांगल्या डिस्कवर. त्यासाठी डीडीरेस्क्यू नावाचा फुकट प्रोग्रॅम आहे. तो सोपा भाग आधी उचलतो, अडणारा भाग मागं ठेवतो, आणि कुठपर्यंत आलो याची नोंद फाइलमध्ये ठेवतो. मध्येच लाइट गेली तरी तिथून पुढं चालू करता येतं. आपल्याकडं हे महत्त्वाचं! एकच सांभाळा: कुठली डिस्क कुठून कुठं, हे दोनदा वाचा. उलटं झालं तर रिकामी डिस्क भरलेलीवर लिहिली जाईल. चेकडिस्क वगैरे काय करायचं ते मग त्या नकलेवर.

टक-टक ऐकू आली, तर हेही करू नका. मशीन बंद करा. डेटा मोलाचा असेल तर ती डिस्क प्रयोगशाळेचं काम आहे. झाकण उघडून बघू नका, धुळीचा एक कण पुरतो. आणि ते फ्रीजमध्ये ठेवायचं कोणी सांगितलं, तर त्यांना त्यांची डिस्क ठेवू द्या. (हशा) बाहेर काढल्यावर आत दव धरतं.

मागून प्रश्न आलाय: एसएसडीचं काय? तिच्यात फिरणारं काही नाही, त्यामुळे आवाजही नाही. बऱ्याचदा पूर्वसूचना न देता ती बायोसमधून गायब होते. आणि नव्या लॅपटॉपमध्ये आणखी एक गोष्ट. डेटा अनेकदा आपोआप कुलूपबंद झालेला असतो. डिस्क दुसऱ्या मशीनला लावली, की ४८ अंकी किल्ली मागते. ती बहुतेक वेळा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. आज घरी गेल्यावर, मशीन चालू आहे तोवर, ती शोधा आणि वहीत लिहून ठेवा. त्याच लॅपटॉपमधल्या फाइलमध्ये नको.