नाचता येईना, पेडल वाकडे!

"बेसला सिंथ पेडल लावलं की बेस वाजतच नाही, डायरेक्ट सिंथ वाजतो!" हा आपल्या हॉस्टेलमधला एक नंबरचा गैरसमज. याच्या पाठोपाठ साधारण महिन्याभरात दुसरं वाक्य ऐकू येतं, "पेडल भंगार आहे यार, नोट पकडतच नाही." पहिल्या वाक्यापायी लोक मेस बुडवून पैसे साठवतात आणि पेडल आणतात. दुसऱ्या वाक्यापायी तेच पेडल निम्म्या किमतीत विकायला निघतं. मधल्या मध्ये त्या बिचाऱ्या डब्याचं काय म्हणणं आहे, हे कोणी विचारतच नाही. तर मंडळी, या लेखात मी त्या डब्याचं वकीलपत्र घेतलंय!

मी टी.ई.ला, ई अँड टीसीची. बेस वाजवते. शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे 'वारंवारिता' वगैरे शब्द माझ्या जिभेवर बसत नाहीत. फ्रिक्वेन्सीला मी फ्रिक्वेन्सीच म्हणणार, संपादकांनी सांभाळून घ्यावं.

हा विषय आत्ताच का? तर यंदा आपल्या बँड्समधले कीबोर्ड वाजवणारे सगळे दादा लोक पास आऊट झालेत. राहिले कोण? गिटारवाले, ड्रमवाले आणि आम्ही बेसवाले. गॅदरिंगच्या गाण्यांत तर सिंथ भरलेला. मग दोनच रस्ते उरतात. एक म्हणजे लॅपटॉपवर ट्रॅक लावायचा आणि त्याच्यापुढे उभं राहून हात हलवायचे. दुसरा म्हणजे सिंथ पेडल. मला दुसरा रस्ता आवडतो, पण तो शॉर्टकट नाही. का नाही, ते समजून घ्यायचं तर आधी सिंथ काय करतो ते बघू.

सिंथ आणि तार : मुळातच वेगळी जात

१९७० साली आलेला मिनीमूग घ्या. त्यात तीन मुख्य कामं होतात. ऑसिलेटर लाट तयार करतो, म्हणजे सॉ-टूथ, स्क्वेअर वगैरे. फिल्टर त्या लाटेतले वरचे सूर कापतो. आणि एन्व्हलप ठरवतो की आवाज आणि फिल्टर कधी उघडणार, कधी मिटणार. यात कीबोर्डची पट्टी म्हणजे निव्वळ एक स्विच. बोट ठेवलं की सिंथला त्याच क्षणी कळतं, कुठला सूर हवाय. अंदाज बांधायची गरजच नाही.

पार्लमेंट या अमेरिकन बँडचं 'फ्लॅश लाइट' हे १९७८ चं गाणं ऐका. त्यातला बेस हा बेस गिटार नाहीच. बर्नी वॉरेल यांनी तो मिनीमूगवर वाजवलाय. तो जाड, चिकट, घशातून आल्यासारखा आवाज ऐकला की कुठल्याही बेसिस्टला वाटणारच, हा आपल्या तारेतून यायला पाहिजे!

गंमत बघा, रोलंड कंपनीने १९८१ साली टीबी-३०३ नावाचं मशीन काढलं, ते एकट्याने रियाज करणाऱ्या गिटारिस्टला साथ द्यायला. म्हणजे चक्क बेसिस्टच्या जागी! आपल्या मुंबईत चरणजित सिंग यांनी तेच मशीन वापरून १९८२ साली दहा रागांची डिस्को रेकॉर्ड केली. तेव्हा तिच्याकडे फारसं कोणी लक्ष दिलं नाही, आज जगभर तिची चर्चा होते. हे चरणजित सिंग स्वतः हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात गिटार आणि बेस वाजवणारे. थोडक्यात काय, मशीन बेसची नक्कल करायला निघालं आणि आता बेसवाले मशीनची नक्कल करतायत.

डब्यात आहे तरी काय?

साध्या अ‍ॅनालॉग सिंथ पेडलमध्ये जे असतं, त्यातलं बरंचसं आपण प्रॅक्टिकलला केलेलं आहे. (जर्नल दुसऱ्याचं उतरवलं असेल तर गोष्ट वेगळी.)

तारेचा सिग्नल कंपॅरेटरला दिला की तो शून्याच्या वर असताना हाय आणि खाली असताना लो. झाली स्क्वेअर वेव्ह! ही स्क्वेअर वेव्ह फ्लिप-फ्लॉपला दिली की फ्रिक्वेन्सी निम्मी होते, म्हणजे एक ऑक्टेव्ह खालचा सूर. दुसरीकडे डायोड, कपॅसिटर आणि रेझिस्टर मिळून सिग्नलची उंची मोजतात. हा एन्व्हलप फॉलोअर. त्यातून निघणारं व्होल्टेज फिल्टरचा कटऑफ वरखाली करतं. तार जोरात छेडली की फिल्टर 'वॉव' करून उघडतो, आवाज विरला की मिटतो. १९७२ च्या म्यू-ट्रॉन थ्री पेडलचं हेच तत्त्व. स्टीव्ही वंडरनी १९७३ साली 'हायर ग्राउंड'मध्ये तो क्लॅव्हिनेटला लावला आणि बूट्सी कॉलिन्स या बेसिस्टने तर त्यावर स्वतःची ओळखच उभी केली. इलेक्ट्रो-हार्मोनिक्सने १९७० च्या दशकाच्या अखेरीस मायक्रो सिंथेसायझर काढला. त्यात मूळ आवाज, वरचा ऑक्टेव्ह, खालचा ऑक्टेव्ह आणि स्क्वेअर वेव्ह अशा चार आवाजांचं मिश्रण आणि पुढे फिल्टर, सगळं एका डब्यात आलं.

आता मुद्दा लक्षात घ्या. या प्रकारात ऑसिलेटर कुठे आहे? नाहीच! ऑसिलेटर म्हणजे तुमची तार. आणि तार चालवणारा हात तुमचा. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

दुसऱ्या प्रकारची पेडल्स आधी तुमचा सूर कुठला ते मोजतात आणि मग आतला स्वतःचा ऑसिलेटर त्या सुरावर वाजवतात. गिटारसाठी रोलंडने १९७७ च्या जीआर-५०० पासून प्रत्येक तारेला वेगळा पिकअप देऊन हा प्रश्न सोडवायला घेतला. १९८० च्या जीआर-३०० वर पॅट मेथेनीने जे सोलो वाजवलेत ते ऐकाच. बेसमध्ये अकाईचा डीप इम्पॅक्ट गाजला, तो म्यूझ बँडच्या क्रिस वोल्स्टनहोममुळे. तिसरा प्रकार नव्या डिजिटल पेडल्सचा, जसा २०१९ चा बॉस एसवाय-१. याला साधी जॅक पिन चालते, कॉर्डही चालतात आणि आत १२१ आवाज आहेत. पण प्रकार कुठलाही असो, पेडल तुमचं ऐकतं आणि मगच बोलतं. ऐकायलाच नीट आलं नाही तर ते काय बोलणार!

पेडलला ऐकू का येत नाही?

थोडं गणित करू. घाबरू नका, एम-थ्री नाहीये.

बेसची सगळ्यात जाड ई तार ४१.२ हर्ट्झवर वाजते. म्हणजे एक पूर्ण लाट व्हायला २४ मिलिसेकंद लागतात. सूर ओळखायला निदान एक लाट तरी बघावी लागणार, खात्री करायची तर दोन, म्हणजे ४८ मिलिसेकंद. प्रोसेसर कितीही महाग लावा, जी लाट अजून झालीच नाही ती मोजणार कशी? २४ मिलिसेकंदांत हवेतून आवाज साधारण ८ मीटर जातो. म्हणजे तुमचा अँप ८ मीटर लांब ठेवल्यासारखं वाटेल. १०० च्या टेम्पोत सिक्स्टीन्थ नोट १५० मिलिसेकंदांची असते, त्यातले ४८ गेले तर जवळजवळ तिसरा हिस्सा गेला! मग ड्रमर आपल्याकडे रागाने बघणार नाही तर काय करेल?

दुसरी गोची हार्मोनिक्सची. बेसच्या जाड तारेवर बऱ्याचदा मूळ सुरापेक्षा दुसरा हार्मोनिकच जोरात असतो. तेव्हा लाट एका फेरीत दोनाऐवजी चार वेळा शून्य ओलांडू शकते. कंपॅरेटरला वाटतं, सूर वर गेला. त्यामुळे मध्येच आवाज ऑक्टेव्ह वर उडी मारतो. सरांची परवानगी काढून लॅबमधल्या सीआरओवर बेस लावून बघा. ब्रिजजवळ छेडलं की लाट काटेरी दिसते, नेकजवळ छेडलं की गुळगुळीत. मी बघितलंय. जे तुम्हाला स्क्रीनवर गुळगुळीत दिसतं ते पेडललाही सोपं जातं.

तिसरी गोची दोन सुरांची. अ‍ॅनालॉग पेडलला एका वेळी दोन तारा दिल्या की कंपॅरेटरपुढे दोघांची खिचडी येते. बाहेर पडतो तो गुरगुराट. तुम्ही म्हणाल, आम्ही एकच तार वाजवतो. पण शेजारची ओपन तार हळूच घुमत असते ना! आपल्याला नुसत्या बेसमध्ये ती कळत नाही, पेडलला बरोबर कळते.

चौथी, शेपटीची. सूर विरत आला तरी स्क्वेअर वेव्हची उंची तेवढीच राहते. मग सिग्नल एका मर्यादेखाली गेला की ती एकदम फटफटायला लागते, पेट्रोल संपलेल्या स्कूटरसारखी.

मग हाताने काय करायचं?

आता कामाचं बोलू. हे सगळं फुकट आहे.

१. सूर वर वाजवा, खाली पेडल नेईल. ओपन ई ऐवजी डी तारेच्या दुसऱ्या फ्रेटवरचा ई घ्या. तो ८२.४ हर्ट्झ, म्हणजे लाट १२ मिलिसेकंदांत पूर्ण. मग खालचा ऑक्टेव्ह चालू करा, परत ४१.२ मिळाले! उलट ओपन ईलाच ऑक्टेव्ह लावलात तर सूर २०.६ हर्ट्झवर जातो. तो कानाच्या मर्यादेवर, आपल्या हॉलच्या स्पीकरमधून तर येणारच नाही. वर अँपची ताकद फुकट जाते.

२. छेडणारा हात नेककडे सरकवा, नेकचा पिकअप वापरा, टोनचं बटण खाली घ्या. वरचे हार्मोनिक्स कमी होतात. आवाज बोदा होईल म्हणून घाबरू नका, धार फिल्टर देतो.

३. जी तार वाजत नाही तिच्यावर काहीतरी ठेवलेलं पाहिजे. अंगठा, तळहात, डाव्या हाताची रिकामी बोटं, काहीही. माझ्या मते सिंथ पेडलचा निम्मा रियाज म्हणजे हाच.

४. नोट स्वतः संपवा. फटफट सुरू व्हायच्या आधी हाताने तार दाबा. कीबोर्डवाला बोट उचलतो की सूर बंद होतो. सिंथसारखं ऐकू येण्याचं अर्धं गुपित या बंद करण्यात आहे.

५. छेड एकसारखी ठेवा. एन्व्हलप फिल्टर तुमचा जोर मोजतो. एक नोट जोरात, एक हळू झाली तर एक 'वॉव' आणि एक 'ऊं' येणार. आधी मेट्रोनोमवर एकच नोट पाच मिनिटं वाजवा. रूममेट वैतागेल, त्याला चहा पाजा.

जोडणीचं थोडं

क्रम साधारण असा : बेस, हलका कंप्रेसर, ऑक्टेव्ह, फझ, फिल्टर, अँप. ऑक्टेव्ह जितका पुढे तितका त्याला स्वच्छ सिग्नल मिळतो. कंप्रेसर जास्त पिळलात तर सगळ्या नोटा एका उंचीच्या होतात आणि फिल्टरला वर-खाली काही उरत नाही, म्हणून हलका. फझनंतर फिल्टर ठेवला की आवाज छान कापला जातो, पण फझनेही जोर सपाट केलेला असतो. तेव्हा दोन्ही क्रम लावून बघा, कानाला पटेल तो ठेवा.

मूळ बेसचा आवाज पूर्ण बंद करू नका, थोडा मिसळून ठेवा. सिंथ एखादी नोट चुकला तरी गाण्याचा पाया हलत नाही.

आणि अ‍ॅडॉप्टर! बहुतेक पेडल्सना ९ व्होल्ट आणि मधली पिन निगेटिव्ह लागते, पण बहुतेक म्हणजे सगळी नव्हे. पेडलवर छापलेलं वाचा. उलटी पोलॅरिटी किंवा जास्त व्होल्टेज दिलंत तर धूर निघू शकतो. डिजिटल पेडल करंटही जास्त खातं, तेव्हा मिलिअँपिअरचा आकडा बघूनच अ‍ॅडॉप्टर घ्या.

घ्यावं की नाही?

माझं मत विचाराल तर आत्ता लगेच नको. आधी आठवडाभर वरच्या पाच गोष्टी नुसत्या बेसवर करा. मग कोणाचं तरी ऑक्टेव्ह पेडल एक संध्याकाळ मागून आणा आणि आपली गॅदरिंगची लाइन वाजवा. सूर न अडखळता आले तर फिल्टर, सिंथ जे काय हवं ते खुशाल घ्या, पैसे वाया जाणार नाहीत. अडखळले, तर बारा हजाराचं पेडलही तिथेच अडखळणार. एकच गाणं, एकच आवाज करायचा असेल तर साधं अ‍ॅनालॉग पुरे. गिटारवर कॉर्ड धरून कीबोर्डवाल्याची जागा भरायची असेल तर कॉर्ड झेपणारं डिजिटलच बघा. घरून आणलेल्या पैशांचा प्रश्न आहे, म्हणून दुकानात जाताना आपली गिटार किंवा बेस सोबत न्या. दुकानातल्या माणसाच्या हाताने कुठलंही पेडल छानच वाजतं!

आणि हो, लॅपटॉपच्या ट्रॅकला माझा विरोध का? ट्रॅक कधी चुकत नाही, हे खरं. पण तो ड्रमरकडे बघतही नाही. गाणं जरा चढलं, पब्लिक ओरडायला लागलं, तर तो आपला त्याच वेगात चाललेला असतो. पेडल मात्र तुमच्या बोटाबरोबर जोरात येतं, बोटाबरोबर थांबतं.

शेवटी गॅदरिंग कमिटीला एक नम्र विनंती : यंदा प्रत्येक बँडला साउंडचेकला निदान अर्धा तास द्या. हॉलमध्ये आवाज वेगळा घुमतो आणि फिल्टरची सगळी बटणं परत लावावी लागतात. तेवढं केलंत तर कोणीही पेडलला नावं ठेवणार नाही, याची जबाबदारी आम्हा बेसवाल्यांची!