शहराच्या पोटातील शेतवने : बोबो-दिउलासो येथील प्रयोग

शहर वाढू लागले की त्याच्या कडेची शेती मागे सरते, हा अनुभव मोठ्या शहरांलगतच्या गावांना नवा नाही. प्रथम विहिरीकाठचे मळे जातात, मग ओढ्याकाठची झाडे जातात, आणि अखेरीस ओढाही सिमेंटच्या नळात जातो. पश्चिम आफ्रिकेतील एका शहराने याच्या उलट दिशेने पाऊल टाकून पाहिले. शहराच्या वस्तीतून जाणारे जमिनीचे लांबट पट्टे राखून त्यांवर झाडे, भाजीपाला व फळे यांची लागवड करावी, असा हा प्रयोग होता. तेथील हवामान व बरीचशी पिके आपल्या ओळखीची असल्याने शेतकरी बंधूंना व ग्रामसेवकांना त्याची माहिती उपयुक्त वाटेल.

हे शहर म्हणजे बुर्किना फासो देशातील बोबो-दिउलासो. देश १९६० साली स्वतंत्र झाला. तेव्हा त्याचे नाव अपर व्होल्टा होते व १९८४ साली ते बदलण्यात आले. देशाला समुद्रकिनारा नाही. बोबो-दिउलासो हे तेथील दुसऱ्या क्रमांकाचे शहर असून २०१९ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या सुमारे नऊ लाख भरली. वर्षाकाठी साधारण १,००० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही एकाच हंगामात. त्यानंतर सहारा वाळवंटाकडून हरमट्टान नावाचा कोरडा, धुळीचा वारा वाहतो आणि मार्च-एप्रिलमध्ये ऊन असह्य होते. आसमंतात कापूस, ज्वारी, बाजरी व मका ही पिके घेतात. विदर्भातील शेतकऱ्यास तेथील शेत फारसे परके वाटणार नाही.

एका बाबतीत मात्र ते शेत वेगळे दिसेल. त्या भागातील शेतकरी शेत साफ करताना सर्व झाडे तोडत नाही. शिया, नेरे, गोरखचिंच ही उपयोगी झाडे तो जागोजाग उभी ठेवतो व त्यांच्यामध्ये नांगरतो. शिया हे आपल्या मोहाच्या कुळातील झाड. मोहाच्या बियांप्रमाणेच त्याच्या बियांतून घट्ट तेल निघते. बी वेचण्याचे व तेल काढण्याचे काम स्त्रिया करतात आणि ती मिळकत बहुधा त्यांच्याच हाती राहते. नेरेच्या बिया आंबवून त्यांचा सुंबाला नावाचा मसाला करतात. बाभळीच्या कुळातील फैडर्बिया हे झाड तर फारच सोयीचे आहे. पावसाळ्यात ते पाने गाळते, त्यामुळे पिकावर सावली पडत नाही. कोरड्या दिवसांत ते हिरवे होते व गुरांना चारा देते. अशा प्रकारच्या शेतीस आज ‘कृषिवानिकी’ म्हणतात, पण ती तेथे शास्त्रज्ञांनी नेलेली नाही. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली रीत आहे.

शहर वाढले तसे हे वृक्ष कमी झाले आणि त्यांच्या जागी पत्र्याची छपरे व टणक झालेली मोकळी जमीन आली. त्याचे दोन परिणाम होतात. पहिला उष्णतेचा. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता खर्ची पडते. विहिरीचे सात लिटर पाणी उकळीस आणण्यास लागावी एवढी ही उष्णता आहे. ओला माठ ज्या नियमाने थंड राहतो त्याच नियमाने झाडाची पाने भोवतालची हवा थंड ठेवतात, आणि त्यात सावलीची भर पडते. शोभेची हिरवळ हे काम पाणी घालाल तोवरच करते. खोल मुळांचे झाड जमिनीतील ओल ओढून भर उन्हाळ्यातही ते चालू ठेवते. दुसरा परिणाम पाण्याचा. राजधानी वागादुगू येथे १ सप्टेंबर २००९ रोजी एकाच दिवसात २६३ मिलिमीटर पाऊस झाला व सुमारे दीड लाख लोक पुरात सापडले. एवढा पाऊस कोणतेही झाड अडवू शकणार नाही, हे खरे. परंतु पाणी मुरण्यास जागाच ठेवली नाही, तर त्याहून पुष्कळ कमी पावसातही घरांत पाणी शिरते. हवामानबदलामुळे अतिवृष्टी व उष्णतेच्या लाटा या दोन्ही वाढत असल्याने हा प्रश्न यापुढे अधिकच कठीण होणार आहे.

बोबो-दिउलासोच्या नगररचनेत काही लांब पट्टे मोकळे राखलेले होते. शहराबाहेर दिंदेरेसो व कुइनिमा ही राखीव वने आहेत. पैकी दिंदेरेसो येथे त्या देशाची वनविद्येची शाळा आहे. वनांना शहराशी जोडणारे हे पट्टे सुमारे ६० हेक्टर, म्हणजे १५० एकरांच्या आसपास भरतात. मात्र नकाशात हिरवा रंग दिल्याने जमीन हिरवी होत नाही. राखण करणारा कोणी नसला, की अशा जागेवर केरकचरा पडतो, माती खणून नेली जाते, आणि एके दिवशी कुंपण उभे राहते. २०१० नंतरच्या काही वर्षांत संयुक्त राष्ट्रांची वसाहतविषयक संस्था व शहरी शेतीचे काम करणारी आंतरराष्ट्रीय संस्था यांच्या साहाय्याने नगरपालिकेने या पट्ट्यांवर झाडे, भाजीपाला आणि बसण्या-खेळण्याची जागा असा मिश्र उपयोग करण्याचे ठरविले. त्यासाठी समिती नेमली व पट्ट्यांच्या वापराचे नियमही तयार करविले.

लागवडीस योग्य अशा झाडांत दोन आपल्या चांगल्या परिचयाची आहेत. कडुनिंब विसाव्या शतकाच्या आरंभी भारतातून घाना देशात गेला व तेथून त्या साऱ्या प्रदेशात पसरला. आज तेथील रस्त्यांवर तो जन्मापासून असल्यासारखा उभा असतो. दुसरा शेवगा. आपल्याकडे शेवगा म्हटला की शेंग आठवते, आणि ‘कोकण रुचिरा’ किंवा ‘पीकेएम-१’ या जाती आपण शेंगेसाठीच लावतो. पश्चिम आफ्रिकेत शेवगा मुख्यतः पाल्यासाठी लावतात. रोपे दाट लावून झाड कमरेच्या उंचीवर छाटतात व दर दीड-दोन महिन्यांनी पाला काढतात. वाळवून केलेली भुकटीही विकली जाते. शहरातील अरुंद पट्ट्यास हा प्रकार फार चांगला. सावली थोडी मिळते, पण पैसा लवकर येतो. मोठ्या झाडांची सावली येईपर्यंत मधल्या जागेत भेंडी, अंबाडी, चवळी घेता येते.

पाण्याविषयी मात्र सावध राहिले पाहिजे. बोबोमधून हुएत नावाची नदी वाहते. जुन्या वस्तीतील लोक तिच्यातील मांगूरजातीचे मासे पवित्र मानतात. तरीही शहराचे सांडपाणी तिला मिळतेच, आणि काठचे भाजीवाले त्याच पाण्यावर भाजी करतात. मुंबईच्या लोहमार्गांलगतच्या पालेभाज्यांविषयी जी तक्रार नेहमी ऐकू येते, तीच ही. अशा ठिकाणी झारीने पानांवर पाणी घालण्याऐवजी सरीतून मुळाशी द्यावे, काढणीपूर्वी काही दिवस पाणी बंद ठेवावे, आणि कच्ची खावयाची भाजी तेथे करूच नये. कारखान्याचे पाणी मिसळत असेल, तर खाण्याचे कोणतेच पीक न घेता केवळ सावलीची वा लाकडाची झाडे लावणे बरे.

आता खऱ्या अडचणीकडे वळू. पश्चिम आफ्रिकेच्या बऱ्याच भागांत असा रिवाज आहे, की उसन्या घेतलेल्या जमिनीवर धान्य पिकवावे, झाड लावू नये. झाड लावणे म्हणजे जमिनीवर मालकी सांगणे, असा त्याचा अर्थ होतो. त्यामुळे बाहेरून आलेला कुळवाडी आणि पतीच्या कुटुंबाकडून तात्पुरता तुकडा मिळालेली स्त्री, हे दोघेही झाडाला हात लावीत नाहीत. शहरातील हरितपट्ट्याची जमीन नगराची; कसणाऱ्यास फक्त वापराची मुभा. पुढील वर्षी आपण येथे असू की नाही याची ज्यास खात्री नाही, तो लेट्यूस लावील, आंबा लावणार नाही. शियाच्या झाडास तर पहिले फळ येण्यास पंधरा-वीस वर्षे लागतात. म्हणून वापराचा करार किती वर्षांचा, फळ कोणाचे, लाकूड कोणाचे, उन्हाळ्यात पाणी कोणी घालावयाचे, हे लेखी ठरल्याशिवाय शहरात कृषिवानिकी होणे नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. रोपांची जात व खड्ड्याचे माप हे प्रश्न त्यानंतरचे.

शेजारच्या नायजर देशाचा अनुभव या दृष्टीने बोलका आहे. त्याची राजधानी नियामे हिच्याभोवती १९६५ पासून सुमारे २,५०० हेक्टरांचा हरितपट्टा लावण्यात आला. वाळू व वारा यांना अडविण्यासाठी केलेले ते काम मोठेच होते. पण शहर त्याच्यापर्यंत पोहोचले, आणि पट्ट्याच्या बऱ्याच भागावर आज घरे आहेत. बोबोवरही असाच दाब आहे. २०१५ नंतर देशाच्या अनेक भागांत हिंसाचार पसरला व २०२३ पर्यंत वीस लाखांहून अधिक लोक बेघर झाले. त्यांपैकी पुष्कळ जण शहरांकडे आले. निवाऱ्यासाठी जागा शोधणाऱ्या कुटुंबास झाडाचे महत्त्व सांगून परत पाठविणे कोणत्याही नगरपालिकेस सोपे नाही.

आपल्याकडे शहराच्या हद्दीत येऊ घातलेल्या गावांतील ग्रामसेवकांनी ओढ्याकाठच्या व गायरानातील मोकळ्या पट्ट्यांची नोंद विकास आराखडा तयार होण्यापूर्वीच करून ठेवावी व ती ग्रामसभेपुढे मांडावी. ओढ्याच्या काठास प्रथम वाळा, त्यामागे बांबू, आणि पुराचे पाणी क्वचितच पोहोचेल तेथे शेवगा, हादगा, जांभूळ व करंज अशी रांग बसते. तोडणीस परवानगी लागणारी झाडे कोणती, हे लावण्यापूर्वीच विचारून घ्यावे. नाहीतर लावणारा पुढे अडचणीत येतो. पहिली तीन वर्षे उन्हाळी पाणी अवश्य द्यावे. रोपे आणण्याआधी नोंदवहीत प्रत्येक तुकड्यापुढे राखण करणाऱ्या कुटुंबाचे नाव, कराराची मुदत व फळाचा हक्क लिहून घ्यावा, आणि त्या कुटुंबातील स्त्रीचेही नाव त्यात घालावे.