परदेशी रहिवासी आणि ऑनलाइन शासकीय सेवा

भारतात काही दिवसांसाठी येणाऱ्या परदेशी पर्यटकाचा येथील शासनाशी येणारा संबंध बहुधा व्हिसापुरताच असतो. शिक्षण, नोकरी किंवा संशोधनासाठी वर्षानुवर्षे राहणाऱ्या परदेशी नागरिकाची गोष्ट निराळी. वास्तव्याची नोंदणी, घराचा करार, बँक खाते, प्राप्तिकर अशा अनेक कारणांनी त्याला शासकीय यंत्रणेकडे जावे लागते. या सेवा आता बव्हंशी ऑनलाइन झाल्या आहेत. परंतु त्यांची रचना करताना डोळ्यांसमोर होता तो भारतीय नागरिक.

याला ठळक अपवाद म्हणजे २०१८ साली सुरू झालेली ई-एफआरआरओ ही सेवा. १८० दिवसांहून अधिक मुदतीच्या व्हिसावर आलेल्या परदेशी नागरिकाला सर्वसाधारणपणे आगमनानंतर १४ दिवसांच्या आत नोंदणी करावी लागते. पूर्वी यासाठी कार्यालयात खेपा घालाव्या लागत. आता अर्ज, कागदपत्रे व शुल्क ऑनलाइन स्वीकारले जाते आणि परवाना ई-मेलने मिळतो. अपवादात्मक प्रकरणांतच प्रत्यक्ष बोलावणे येते. या व्यवस्थेचा कायदेशीर पायाही बदलला आहे. १९२०, १९३९, १९४६ आणि २००० सालचे चार जुने कायदे रद्द करणारा आप्रवास व परदेशी नागरिक अधिनियम, २०२५ हा १ सप्टेंबर २०२५ पासून अमलात आला.

अडचण सुरू होते ती पत्त्याच्या पुराव्यापाशी. वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्याला संस्थेचे पत्र मिळते. पुण्यात भाड्याने खोली घेणाऱ्याला मात्र नोंदणीकृत करार हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ नुसार ही नोंदणी सक्तीची असून तिची जबाबदारी घरमालकावर आहे. तिची ऑनलाइन सोय आधारच्या पडताळणीवर चालते, आणि नव्याने आलेल्या परदेशी नागरिकाकडे आधार असत नाही. अशा वेळी पासपोर्ट घेऊन दुय्यम निबंधकाचे कार्यालय गाठणे हाच मार्ग उरतो.

आधार नसण्याचे कारण 'रहिवासी' या शब्दाच्या व्याख्येत आहे. परीक्षार्थींनी येथे थोडे थांबावे, कारण ही व्याख्या प्रत्येक कायद्यात वेगळी आहे. आधार अधिनियम, २०१६ नुसार अर्जाच्या दिनांकापूर्वीच्या १२ महिन्यांत १८२ किंवा अधिक दिवस वास्तव्य झालेली व्यक्ती रहिवासी ठरते. प्राप्तिकरासाठी त्या त्या करवर्षातील १८२ दिवस ही प्रमुख कसोटी आहे. २०२५ च्या नव्या आयकर अधिनियमानेही ती कायम ठेवली. परकीय चलन व्यवस्थापन अधिनियम, १९९९ मात्र मागील आर्थिक वर्षातील १८२ दिवसांहून अधिक वास्तव्य पाहतो आणि त्याबरोबर येण्याचा हेतूही तपासतो. नोकरी, व्यवसाय किंवा अनिश्चित काळ राहण्याचा उद्देश नसेल, तर ती व्यक्ती त्या कायद्याच्या दृष्टीने निवासी नव्हे. समजा, एखादा विद्यार्थी १ ऑगस्टला आला आणि सलग येथेच राहिला. जानेवारीअखेर तो आधारसाठी पात्र होतो. ३१ मार्चला प्राप्तिकराच्या दृष्टीने निवासी ठरतो. आणि चलनविषयक कायद्यात तो अनिवासीच राहतो. बँकेच्या अर्जात 'निवासी आहात काय?' या प्रश्नापुढे त्याने काय लिहावे, हे अर्ज कोणत्या कायद्याखाली आहे यावर अवलंबून असते. संगणकाच्या पडद्यावर मात्र 'होय' आणि 'नाही' एवढेच दोन पर्याय असतात.

आधार मिळाले म्हणजे नागरिकत्व मिळाले असे होत नाही. अधिनियमाच्या कलम ९ नुसार आधार हा नागरिकत्वाचा किंवा अधिवासाचा पुरावा नाही. मताधिकारही राज्यघटनेच्या अनुच्छेद ३२६ नुसार केवळ नागरिकांचा आहे. परदेशी रहिवाशाचे आधार व्हिसाच्या मुदतीपुरतेच वैध असते. पॅनशी आधार जोडण्याच्या सक्तीतून मे २०१७ च्या अधिसूचनेने परदेशी नागरिकांना वगळले. तरीही विवरणपत्राची सर्वांत सुलभ पडताळणी आधारशी जोडलेल्या मोबाइलवरील ओटीपीनेच होते. आधार नसलेल्या करदात्याला बँक खात्यामार्फत संकेतांक घ्यावा लागतो, डिजिटल स्वाक्षरी वापरावी लागते किंवा स्वाक्षरी केलेली पोचपावती ३० दिवसांत बंगळुरूच्या केंद्राकडे टपालाने पाठवावी लागते. ऑनलाइन सेवेचा शेवट असा टपालपेटीपाशी व्हावा, हे विसंगतच.

मोठ्या कंपनीतील परदेशी तज्ज्ञाची ही कामे कंपनीचे कर्मचारी करतात. नेपाळहून आलेल्या पहारेकऱ्याची किंवा उपाहारगृहातील कामगाराची स्थिती वेगळी आहे. १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे त्याला व्हिसा लागत नाही. त्यामुळे व्हिसाधारकाच्या हाती असणारा वास्तव्याचा परवानाही त्याच्याकडे नसतो. त्याला १० वर्षे मुदतीचे आधार मिळू शकते, पण पासपोर्ट नसल्यास नेपाळच्या नागरिकत्वाच्या दाखल्यासोबत भारतातील नेपाळी वकिलातीचे छायाचित्रासह ओळखपत्र जोडावे लागते. मुंबई किंवा गोव्यात रोजंदारीवर राबणाऱ्याला त्यासाठी दूरचा प्रवास पडला, तर त्या प्रवासखर्चात काही दिवसांची बुडालेली मजुरीही मिळवावी लागते.