जालन्यातून विमानप्रवास : पॉइंट्स जमवायचे की स्वस्त तिकीट शोधायचं?

जालना शहरातून प्रवासी विमान उडत नाही. सगळ्यात जवळचं विमानतळ छत्रपती संभाजीनगरचं, चिकलठाण्याला. तिथून विमानं मोजकीच, म्हणून बरेच जण मुंबई किंवा पुणे गाठतात. त्यामुळे मोबाइलवर दिसणारं भाडं हा जालनेकरांसाठी अर्धाच हिशोब असतो.

समजा, दिल्लीचं तिकीट मुंबईहून दीड हजारानं स्वस्त दिसतंय. जालन्यावरून मुंबईला जनशताब्दी आहे, वंदे भारत आहे. पण रेल्वेचं तिकीट, स्टेशनपासून विमानतळापर्यंतची टॅक्सी आणि पहाटेचं विमान असेल तर रात्रीचा लॉज धरला, की ते दीड हजार कधी संपले कळतही नाही. आधी घरापासूनचा खर्च मांडा, मग तिकीट काढा.

आता एक गोष्ट, जी फार कमी लोकांना माहीत असते. एकाच विमानातल्या सीट वेगवेगळ्या दरांच्या गटांत विकल्या जातात. स्वस्त गटात दोनच सीट उरल्या असतील आणि तुम्ही चौघांसाठी शोधलंत, तर बहुतेकदा चौघांनाही वरचा दर दिसतो. म्हणून आधी एकासाठी शोधून बघा. फरक दिसला तर दोन-दोन तिकिटं वेगळी काढा.

मग पॉइंट्सचं काय? इंडिगोची ब्लूचिप आणि एअर इंडियाची महाराजा क्लब, दोन्हींचं सदस्यत्व मोफत आहे. घेऊन ठेवा. पण वर्षातून एकदाच उडत असाल, तर पॉइंट्ससाठी महाग तिकीट घेणं सरळसरळ तोट्याचं. शिवाय 'फुकट' तिकिटावरही साधारणपणे कर आणि विमानतळाचे शुल्क खिशातूनच भरावे लागतात.

खरा फायदा लांबच्या प्रवासात. मुलगा जर्मनीत शिकतोय आणि आई-बाबा लुफ्थान्सानं त्याला भेटायला निघालेत, असं समजा. एअर इंडिया २०१४ पासून स्टार अलायन्समध्ये आहे, लुफ्थान्साही त्यातलीच. त्यामुळे या प्रवासाचे पॉइंट्स एअर इंडियाच्या खात्यात घेता येतात. अट एवढीच की तिकिटाचा प्रकार पात्र हवा; अगदी स्वस्त तिकिटांवर पॉइंट्स कमी मिळतात, कधी मिळतही नाहीत. बुकिंग करतानाच सदस्य क्रमांक टाका, नाव पासपोर्टवर आहे तसंच ठेवा आणि पॉइंट्स जमा होईपर्यंत बोर्डिंग पास फेकू नका.

जमलेले पॉइंट्स वर्षानुवर्षं साठवूनही ठेवू नका. त्यांना मुदत असते, नियमही बदलतात. २०१२ मध्ये किंगफिशरची विमानं जमिनीवर आली, तेव्हा तिच्या पॉइंट्सचाही काही उपयोग उरला नाही.